पाचवीला पुजलेले जंतू

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलाचं बारसं झालं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला छोटा हॉल, ताटात घुगऱ्या, पाळण्याला बांधलेले फुगे, आणि पाळण्यात बारा दिवसांचं पोर पाय पोटाशी घेऊन कळवळत होतं. भाचीच्या चुलत सासूबाईंनी जागच्या जागी निदान केलं. “सिझरचं हाय न्हवं, मग पोट धरणारच की. नॉर्मलच्या पोरास्नी आईचं चांगलं जंतू मिळत्यात, ह्याला कुठलं मिळायला?” शेजारी बसलेले, औषधांचं दुकान असलेले पाहुणे लगेच म्हणाले, “थेंब येतात की त्याचे, महिनाभर द्या, सगळे जंतू भरून निघतात.” त्यावर जावयाचा एक इंजिनिअर मित्र हसला. “काकू, हे सगळं थोतांड. पोर कुठूनही बाहेर येऊ दे, काय फरक पडतोय?” तिघंही तावातावानं बोलत होते आणि तिघांच्याही बोलण्यात भाची कुठंच नव्हती. ती भिंतीला टेकून, टाके सांभाळत, पदराआड पोराला घ्यायची खटपट करत होती. डोळे भरून आले होते, ते मात्र कुणी पाहिलं नाही.

ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. ‘जंतू’ हा शब्द बारशाच्या घरात चांगल्या अर्थानं ऐकू येतो, ही काय लहान प्रगती झाली? पण हा वाद ज्या पद्धतीनं घातला जातोय, ती मला पटत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. बाळ कोणत्या वाटेनं आलं यानं त्याच्या आतड्यातल्या सुरुवातीच्या जंतूंत फरक पडतो. हे मोजलं गेलंय आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या फरकाला नशिबाचा लेख समजणं अडाणीपणाचं आहे, त्याचं खापर आईवर फोडणं अन्यायाचं आहे, आणि या गोंधळात जे आपल्या हातात आहे तिकडं कुणी बघतच नाही, हे सगळ्यांत वाईट.

आपल्याकडं पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर लिहून जाते. मग जन्मभर जे काही वाट्याला येईल ते ‘पाचवीला पुजलेलं’. हल्ली सटवाईच्या जागी जंतू आलेत, एवढाच काय तो बदल. सिझर झालं, लेख लिहिला गेला. आता दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा, चिडचिड, सगळं त्याच खात्यावर.

आधी चुलत सासूबाईंची बाजू जेवढी भक्कम आहे तेवढी मांडते, कारण इंजिनिअर मित्राला वाटतं तशी ती पोकळ नाही. १८८५ साली थिओडोर एशरिश या डॉक्टरनं नवजात बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पहिल्या काळ्या शीमध्ये त्याला जंतू दिसले नाहीत, पण जन्मानंतर काही तासांतच वस्ती सुरू झालेली दिसली. ई. कोलाय या जंतूला आज त्याचंच नाव आहे. पुढं १८९९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आन्री तिसिए याला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दोन फाटे फुटलेला एक जंतू सापडला, तोच बिफिडो. म्हणजे विषय सव्वाशे वर्षं जुना आहे, काल मोबाईलवर आलेला नाही. २०१० साली व्हेनेझुएलातल्या नऊ आया आणि दहा बाळांचा अभ्यास झाला. नॉर्मल बाळांच्या अंगावर आईच्या योनिमार्गातले जंतू आढळले, सिझरच्या बाळांवर कातडीवरचे. अभ्यास एवढासा, पण जगभर गाजला. नंतर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ५९६ बाळांच्या शीचे नमुने तपासले गेले. सिझरच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स नावाचा, एरवी आईकडून येणारा जंतू फारच कमी होता. त्याऐवजी दवाखान्यात वावरणारे एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला असले पाहुणे भरपूर होते. आणि डेन्मार्कमध्ये जवळपास २० लाख मुलांच्या नोंदी पाहून २०१५ साली निष्कर्ष आला की सिझरनं जन्मलेल्यांत दमा आणि आतड्याचे काही दीर्घ आजार थोड्या जास्त प्रमाणात आढळतात. हे सगळं ‘थोतांड’ म्हणून उडवून लावायचं असेल, तर मग विज्ञानाचं नाव तरी कशाला घ्यायचं?

पण याच अभ्यासांची पुढची पानं कुणी वाचत नाही. इंग्लंडच्या त्या अभ्यासात बाळं सहा ते नऊ महिन्यांची होईपर्यंत दोन्ही गटांतला बराचसा फरक मिटला होता. बॅक्टेरॉइड्सची उणीव तेवढी रेंगाळली. दुसरी गोष्ट याहून मजेशीर. नॉर्मल बाळांच्या आतड्यात जे जंतू रुजले ते योनिमार्गातले नव्हतेच, ते आईच्या आतड्यातले होते. सोप्या भाषेत सांगायचं तर कळा देताना आईच्या शीचा अंश बाळाला लागतो, आणि तोच उपयोगी पडतो. ‘जन्माच्या पवित्र वाटेवरचा प्रसाद’ वगैरे लिहिणाऱ्यांची इथं जरा पंचाईत होते. तिसरी गोष्ट, नॉर्मल झालेल्या पण प्रसूतीवेळी आईला अँटिबायोटिक मिळालेल्या, किंवा अंगावर न पिणाऱ्या बाळांतही असाच फरक दिसला, फक्त कमी प्रमाणात. मग रेघ नेमकी कुठं ओढायची, पोटावरच्या टाक्यांवर की औषधाच्या बाटलीवर? सिझरला चिरा देण्याआधी अँटिबायोटिक द्यावंच लागतं, आईला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण साध्या नॉर्मल बाळंतपणात, दोन-चार टाके पडले तरी, सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांचा कोर्स लिहिलेला नसेल तर घरच्यांनाच चुकल्यासारखं वाटतं. त्यावर बारशात कुणी चर्चा करतं का?

आता डेन्मार्कचे २० लाख. आकडा मोठा असला की माणूस दबतो. पण ज्यांचं सिझर होतं त्या बायका कोण असतात? साखर वाढलेल्या, वजन जास्त असलेल्या, रक्तदाब चढलेल्या. त्यांच्या मुलांत पुढं एखादा आजार जास्त दिसला, तर तो सिझरमुळं की ज्या कारणानं सिझर झालं त्या कारणामुळं? कोल्हापुरात छत्र्या दिसल्या की पाऊस पडतो, म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असं आपण म्हणत नाही. स्वीडनमध्ये सुमारे ९७ हजार तरुणांचं अठराव्या वर्षीचं वजन तपासलं गेलं. आईचं वजन आणि इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर सिझर आणि लठ्ठपणा यांचा संबंध उरला नाही. दम्याच्या बाबतीत वाद अजून मिटलेला नाही, तो संशोधकांना मिटवू दे. पण ‘शंभरात थोडे जास्त’ याचा अर्थ ‘तुझ्या पोराला होणारच’ असा लावणारी नातेवाईक मंडळी गणितात नापास आहेत.

घरातल्या विरजणाचंच बघा. कवडीभर विरजणानं पातेलंभर दूध लागतं, हे खरं. पण तेच विरजण थंडीत उघड्यावर ठेवा, किंवा उकळत्या दुधात घाला, आणि सकाळी काय मिळतं ते पाहा. विरजण कुठून आणलं यावर पैज लावणारी बाई दूध किती कोमट आहे हे बोट बुडवून पाहत नसेल, तर तिला दही लावता येत नाही असंच आपण म्हणू.

आणि बाळाच्या बाबतीत हे कोमट दूध कुठलं, तेही आता बऱ्यापैकी कळलंय. आईच्या दुधात साखर आणि चरबीखालोखाल सगळ्यांत जास्त जो घन पदार्थ असतो, तो बाळाला पचतच नाही. शंभरावर प्रकारच्या या गुंतागुंतीच्या शर्करा पोटातून तशाच पुढं जातात आणि आतड्यातल्या बिफिडो जंतूंचं जेवण होतात. म्हणजे आई एका वेळी दोघांना पाजते, पोराला आणि पोराच्या पोटातल्या भाडेकरूंना. २०२३ साली नेदरलँड्समध्ये १२० आई-बाळांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बाळाच्या अंगावरचे आणि आतले निम्म्याहून जास्त जंतू आईकडूनच येतात, प्रसूती कशीही होवो. सिझरच्या बाळांना आईच्या आतड्यातले कमी मिळाले, पण आईच्या दुधातून आलेल्यांचा वाटा जास्त होता. एक वाट अडली की निसर्ग दुसरी रुंद करतो.

मग ती दुसरी वाट आपण मोकळी ठेवतो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर, नर्स, सगळे हजर असताना निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास वाया जातो. सिझरमध्ये तर हे ठरलेलंच. कमरेत भूल दिलेली आई जागी असते, बाळ तिथल्या तिथं तिच्या छातीवर ठेवता येतं. पण भाचीच्या वेळी काय झालं ते मी स्वतः पाहिलंय. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आलं, आजोबांपासून धाकट्या दिरापर्यंत सगळ्यांच्या हातावरून फिरलं, सतरा फोटो निघाले, आणि पोर रडतंय म्हणून आयाबाईंनी चमच्यानं पावडरचं दूध पाजलं. आईकडं गेलं तेव्हा पाच तास झाले होते. कातडीवरचे जंतू मिळाले म्हणून आपण रडतो. कुणाच्या कातडीवरचे, हा प्रश्न मात्र विचारत नाही.

त्यात आमच्या कोल्हापूरची एक गंमत. म्हैस व्याली की शेजारी-पाजारी चिकाची वाट बघतात. वेलची, जायफळ, गूळ घालून खरवस होतो, तो पहिल्या दिवसाच्या चिकाचा असेल तर दर्दी लोक हातातलं काम सोडून येतात. गंगावेशीत पहाटे समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्या शहराला दुधाची पारख कुणी शिकवायची? आणि याच शहरात, याच घरांतून बाईच्या छातीतला पिवळा चीक ‘जड असतो’, ‘बाधतो’ म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. रेडकाला सोडून उरलेला चीक आपल्याला अमृत, आणि स्वतःच्या नातवाला मात्र मधाचं बोट! तो मध एक वर्षाच्या आत देऊच नये, त्यात बोट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात, हे सांगितलं की मी ‘फार शिकलेली’ ठरते.

औषधवाल्या पाहुण्यांचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही, कारण त्यांच्या बाजूनं आपल्याच देशातला एक दणदणीत दाखला आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जंतू आणि त्याचं खाद्य दिलं गेलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी वर्गात अर्धा तास त्यावर बोलले होते. पण तो एक ठरावीक जंतू होता, कसून निवडलेला, ठरावीक मात्रेत, पुरेशा वजनाच्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळांना दिलेला. दुकानातल्या बाटलीवर ‘प्रोबायोटिक’ लिहिलंय म्हणून ती बाटली ओडिशाची होत नाही, जसं लाल तिखट घातलं म्हणून कुठलाही रस्सा तांबडा रस्सा होत नाही. कमी दिवसांच्या नाजूक बाळांना असे जिवंत जंतू देताना धोका असतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशाराही दिला. योनिमार्गातला कापूस बाळाच्या तोंडावर फिरवायचा तो गाजलेला प्रयोग २०१६ चा, आणि त्यात तसा कापूस फिरवलेली सिझरची बाळं होती चार. फिनलंडमध्ये आईच्या शीचा तपासून घेतलेला अंश दुधातून सात बाळांना दिला, तेव्हा त्यांची वस्ती नॉर्मल बाळांसारखी होऊ लागली. हे दवाखान्यात, कडक तपासण्या करून झालेलं काम आहे. घरी कुणी उत्साहानं करून बघेल या भीतीनं खरं तर मी ते लिहिणारही नव्हते.

आता विरोधातला सगळ्यांत अवघड मुद्दा. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, म्हणाली, “बाई, भीती अतिशयोक्त असेल, पण राहू दे ना. तेवढीच बायका मुहूर्ताचं सिझर मागायच्या थांबतील.” मुद्दा खोटा नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीपर्यंत देशात सिझरचं प्रमाण दीड दशकात ८.५ टक्क्यांवरून २१.५ वर गेलं. सरकारी दवाखान्यांत ते १४.३ होतं आणि खासगीत ४७.४. आपल्या राज्यात तेव्हा चारांतलं एक बाळंतपण सिझरचं होत होतं. खासगीत गेल्यावर बायकांच्या कंबरेची हाडं एकाएकी अरुंद होतात की काय? हे प्रमाण खाली यायलाच हवं. पण त्यासाठी जंतूंची भीती कशाला? गरज नसताना केलेल्या सिझरचे धडधडीत तोटे समोर आहेत. दसऱ्याचा मुहूर्त साधायला ३९ आठवडे भरायच्या आत काढलेलं पोर धापा टाकतं आणि पेटीत जातं. पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतली तर रक्तस्रावानं बाईचा जीव धोक्यात येतो. ही कारणं पक्की आहेत, ती सांगा. शिवाय भीतीचं ओझं नेमकं कुणावर पडतं? निर्णय झाला तेव्हा भाची चौदा तासांच्या कळांनी अर्धमेली होती, पोराचे ठोके कमी होत होते. तिनं काय निवडलं? आणि ज्यांनी खरोखर निवड केली, पत्रिका घेऊन वेळ काढून आणली, त्या मंडळींना बारशात कुणी जंतूंचा जाब विचारत नाही.

हे पूर्वीही झालंय. १८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वरानं बायका पटापट मरत आणि बाहेर त्या पाया पडून सांगत, आम्हाला सुईणींकडं घाला. कारणं काय दिली जात? बायकांचं दूध बिघडलं, हवा वाईट, त्यांची भीतीच त्यांना मारते. तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा मरत होत्या, जून-जुलैत दोनच्या आसपास. बायका त्याच होत्या, शरीरं तीच होती. दोष आईत शोधणं बंद करून दवाखान्याच्या हातांकडं पाहिलं, तेव्हा उत्तर सापडलं.

आणि इंजिनिअर मित्रासारख्यांना, तसंच ‘पूर्वी सगळं नैसर्गिक होतं’ म्हणणाऱ्या उलट टोकाच्या मंडळींनाही, टाऊन हॉलजवळच्या सीपीआर रुग्णालयाची आठवण करून द्यावीशी वाटते. ते पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली त्याच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाई जोशींना देऊ केली होती. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या होत्या आणि त्यांचं पोर दहा दिवसांत गेलं होतं. अमेरिकेत त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरला रुजू होण्याआधीच त्या गेल्या. त्या काळात तान्ह्या पोरांना धनुर्वात होई. विळ्यानं नाळ कापायची, वर शेण नाहीतर राख लावायची, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून पोराचा जबडा आवळायचा, दूध ओढता यायचं नाही. सटवाईनं नेलं, असं लोक म्हणत. तो लेखही एका जंतूनंच लिहिलेला होता. स्वच्छ पातं, आईला धनुर्वाताची इंजेक्शनं, दवाखान्यातलं बाळंतपण यांनी तो इतका पुसला गेला की २०१५ मध्ये आया आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून भारत मुक्त झाल्याचं जाहीर झालं. खरोखर जीव घेणारा लेख जिथं पुसता आला, तिथं सहा ते नऊ महिन्यांत आपणहून फिका होणाऱ्या लेखापुढं हात टेकायचे?

दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांच्या पदव्या लागतात, दरपत्रक लागतं. त्याच्या शेजारी दोन आकडे लावायला सांगावं असं मला फार दिवस वाटतंय. गेल्या वर्षी शंभरातली किती सिझर झाली, आणि शंभरातली किती बाळं तासाभरात आईच्या अंगावर गेली. पहिला आकडा लपवण्याला एक वेळ सबबी असतील, अवघड केसेस आमच्याकडेच येतात वगैरे. दुसऱ्याला कुठली सबब आहे?

बारशाच्या दिवशी हे सगळं मी बोलले नाही. बोलता आलं नाही. पोरगं शेवटी भाचीच्या अंगावर लागलं आणि रडं थांबलं, तेव्हा चुलत सासूबाईंना एवढंच म्हटलं, म्हशीचा चीक टाकत नाही मग बाईचा का टाकायचा? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. घुगऱ्यांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “माझ्या चारी पोरांच्या येळंला सासूनं तीन-तीन दिस पिळून टाकायला लावला. भिंतीकडं तोंड करून पिळायची मी. पोर तिकडं आरडायचं.” आणि उठून कोपऱ्यातली उशी आणून त्यांनी भाचीच्या कोपराखाली सरकवली.